स्वस्त, पण कशाच्या मानाने?

सेलूचा शेतकरी भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) केंद्रावर कापूस घेऊन जातो तेव्हा त्याच्या मालाला माप लागते. ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव, त्यापुढे टक्क्यागणिक कपात, 12 च्या वर गेला तर माल परत. धाग्याची लांबी मिलिमीटरमध्ये, तलमपणा मायक्रोनेअरमध्ये. भाव पटो न पटो, दोन गाड्यांतला फरक कशामुळे पडला ते सांगता येते.

हाच माणूस मोबाइलवर फवारणीचा बॅटरी पंप शोधू लागला की सगळी मापे गायब होतात. समोर येते ती खोडलेली मोठी किंमत, शेजारी 60 किंवा 70 टक्के सूट आणि ‘थोडेच शिल्लक’ असा इशारा. तुलनेचा तक्ता असलाच तर त्यात रंग असतो, वजन असते, कंपनीचे नाव असते. त्याला मात्र विचारायचे असते की एका चार्जिंगवर किती टाक्या फवारून होतील? बॅटरी 12 बाय 8 आहे की 12 बाय 12? म्हणजे 12 व्होल्टची 8 अँपिअर-तासांची की 12 अँपिअर-तासांची? पहिलीत 96 वॉट-तास मावतात, दुसरीत 144. क्षमता सरळ दीडपट. दोन्ही पंप 16 लिटरचे, दोन्हींवर ‘डबल मोटर’ लिहिलेले आणि किमतीत तीनशे रुपयांचा फरक असेल, तर स्वस्त कोणता हे या एका आकड्याशिवाय ठरतच नाही. बरे, ‘किंमत: कमी ते जास्त’ असा क्रम लावावा, तर पंपाआधी नोझल आणि वॉशर पुढे येतात.

स्वस्त शोधणारा ग्राहक फक्त किंमत बघतो, असे गृहीत धरून ही दुकाने रचली जातात. मला हे साफ चुकीचे वाटते. ज्याच्याकडे पैसे मोजके असतात तो सर्वांत जास्त चौकशी करतो, कारण फसलेली खरेदी त्याला त्याच हंगामात पुन्हा करता येत नाही. वॉशर गावात मिळेल का, बॅटरी गेली तर नवी केवढ्याला पडेल, हे प्रश्न तो दुकानदाराला विचारतोच. पडद्यावर त्यांना जागा नाही.

खोडलेली किंमत तुलनेतून काढूनच टाकली पाहिजे. आपल्याकडे छापील कमाल किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. पण बहुतेक वस्तूंवर ती किती छापावी हे उत्पादकच ठरवतो. फुगवून छापली की सूट आपोआप मोठी दिसते. युरोपीय संघात 2022 पासून सूट जाहीर करताना आधीच्या 30 दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते. आपल्याकडे 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी 13 फसव्या क्लृप्त्यांना मनाई केली, त्यात खोटी घाई लावणेही आले. ते चांगलेच झाले. पण खोटे दाखवू नका, एवढे सांगून खरे काय दाखवायचे हे ठरत नाही. पाकिटावर दर ग्रॅमची किंवा दर मिलिलिटरची किंमत छापण्याचा 2021 चा नियम त्या दिशेने जातो. पंपासाठी तसे एकक वॉट-तासाचे असू शकते, ताडपत्रीसाठी जीएसएम (दर चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन) आणि शिवून तयार झालेले खरे माप.

लहान पडद्यावर दोनच वस्तू शेजारी ठेवाव्यात, मराठीत, आणि जिथे फरक आहे त्या ओळी आधी. विक्रेत्याने बॅटरीचा आकडा दिला नसेल तर ती ओळ लपवू नये. तिथे ठळकपणे ‘माहिती दिलेली नाही’ असे लिहावे. दोन पंपांपैकी एकाच्या पुढे 12 बाय 12 आणि दुसऱ्याच्या पुढे हे तीन शब्द दिसले, तर घेणाऱ्याला पुरेसे कळते.

लहान विक्रेत्याला एवढी माहिती देणे परवडत नाही, असे सांगितले जाते. प्रयोगशाळेतली चाचणी मागितली असती तर ते मान्य केले असते. पण बॅटरीची क्षमता बॅटरीवरच छापलेली असते. ती नोंदवायला एक मिनिट लागते, आणि ती नोंदवल्याशिवाय पंप विक्रीला लागणार नाही असा नियम दुकान चालवणारी कंपनी आजही करू शकते.