मध कोणाचा?



आजचं चिंतन श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधातल्या आठव्या अध्यायावर. अवधूत यदुराजाला आपल्या २४ गुरूंबद्दल सांगतो, तोच हा भाग. पृथ्वी, समुद्र, अजगर ही नावं बऱ्याच जणांच्या लक्षात राहतात. त्या यादीत मधमाशी आहे आणि मध काढून नेणारा माणूससुद्धा आहे. त्यालाही अवधूताने गुरू मानलंय!

मला हे पूर्वी विचित्र वाटायचं. पण गेली दोन वर्षं मी रविवारी मुळशीच्या बाजूला मधपेट्या सांभाळायला जाते. आम्ही दहा-बारा जण मिळून त्या पाहतो. आयटीतले काही, एक शिक्षिका, दोन कॉलेजची मुलं. शिकवणारे काका तिथलेच. आमच्या ८ पेट्या आहेत, सगळ्या सातेरीच्या, म्हणजे सह्याद्रीतल्या आपल्या देशी माशीच्या. खालच्या कप्प्यात अंडी-पिल्लं, वरच्या कप्प्यात मध. चौकट उचलताना हात थरथरला की काका म्हणतात, "हळू गं, तिचं घर आहे ते."

अवधूत मधमाशीकडून दोन गोष्टी शिकतो. पहिली आपल्याला भाषेतूनच माहीत आहे. फुलाला न दुखवता थोडं थोडं घ्यायचं, त्यावरूनच माधुकरी. पूर्वी पुण्यात कितीतरी गरीब मुलं माधुकरी मागून शिकली. एका घरावर भार नाही, पाच घरांतून पोटापुरतं.

दुसरी शिकवण मात्र बरोबर उलटी आहे. भिक्षूने माशीसारखं साठवू नये, नाहीतर साठ्यापायी तोही जाईल. तीच माशी आधी आदर्श आणि मग इशारा!

इथे मी जरा अडते. (अवधूताशी वाद घालायची माझी पात्रता नाही, पण प्रश्न तर पडतोच.) पेटीत पाहिलं की तो साठा हावरेपणाचा वाटत नाही. फुलांतून आणलेला पातळ रस माश्या पंखांनी वारा घालून आटवतात, त्यातलं पाणी साधारण पाचव्या हिश्श्याच्या खाली आलं की वर मेणाचं झाकण लावतात. ही मेहनत करणारी कामकरी माशी हंगामात जेमतेम दीड महिना जगते. मार्चमध्ये जांभूळ फुलल्यावर मध भरणारी जुलैत तो खायला नसते. जुलैत घाटात मुसळधार पाऊस, बाहेर पडता येत नाही, फुलंही कमी. तेव्हा तो मध तिच्या नंतरच्यांना पुरतो. मला वाटतं, अवधूताचा इशारा संन्याशासाठी आहे. प्रपंच करणाऱ्याला उद्याची सोय करावीच लागते. याच अकराव्या स्कंधावर एवढी मोठी टीका लिहिणारे नाथमहाराज पैठणला संसारच करत होते की.

मग मध काढून नेणाऱ्याचं काय? म्हणजे आमचं?

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आम्ही 'सेवेला निघालो' असं लिहितो. संध्याकाळी परतताना पिशवीत बरणी असते. मेमध्ये यावरूनच आमचं चांगलं वाजलं. आमच्यातल्या एका दादाचं म्हणणं होतं की सगळा मध काढू, पावसाळ्यात माश्यांना साखरेचा पाक देऊ. सगळे मधपाळ देतातच. जास्तीचा मध विकून गावातल्या एका घराला दोन पेट्या घेऊन देता येतील. यात त्याचा स्वार्थ काहीच नव्हता, म्हणूनच उत्तर देणं कठीण होतं. शिक्षिका ताईंनी एवढंच विचारलं, "दान आपण करणार, पण कोणाच्या घरातून?"

त्या रात्री मी तो अध्याय पुन्हा वाचला. मध नेणाऱ्याला अवधूत पुण्यवान म्हणत नाही, शिव्याही देत नाही. जमवणारा वेगळा, खाणारा वेगळा, एवढंच तो बघायला लावतो. मला तिथे जाणवलं की त्या पेटीपाशी आपण घेणारे आहोत, आणि हे आधी मान्य करायला हवं. 'सेवा' हा शब्द वापरला की घेतल्याचा हिशोब ठेवायची गरज वाटेनाशी होते. दादाच्या हिशोबात आपल्याला किती हवंय ते होतं, पुढे दान असलं तरी. माधुकरीच्या हिशोबात त्या घरात किती उरेल ते आधी येतं. आणि ते किती, हे पुस्तकातून कळत नाही. चौकट हातात धरून, तिचं वजन बघून, काकांना चार वेळा विचारूनच कळतं.

शेवटी ५ भरलेल्या पेट्यांतून थोडा मध काढला, त्यांच्या पावसाळ्यापुरता मागे ठेवून. ३ कमजोर पेट्यांना हात लावला नाही. त्यांना पाकही दिला, कारण तत्त्वासाठी माश्या उपाशी ठेवणं मला तरी पटत नाही. दोन पेट्यांचं दान या वर्षी राहिलं. दादा थोडा नाराज आहे, पण येतो.

सातेरीचं एक आहे. तिला पटलं नाही तर ती अख्खं बिऱ्हाड घेऊन निघून जाते. ऑगस्टमध्ये तिसऱ्या नंबरची पेटी उघडली तर आत कोणीच नव्हतं. तिचा मध आम्ही घेतला नव्हता, पाक दिला होता, मुंग्या लागू नयेत म्हणून पायांखाली पाण्याच्या वाट्या होत्या. तरी गेली. कॉलेजच्या मुलाने विचारलं, "काका, आपलं काय चुकलं?" काका रिकाम्या पोळ्यातला मेणकिडा खरवडत होते. म्हणाले, "चुकायला ती काय आपली होती? पेटी धुऊन उन्हात ठेव. दुसरी येईल कदाचित."

दादाने पेटी उचलली आणि नळापाशी नेली.