तपासणीचा क्रम आणि न्यायाचा प्रश्न

शासनाच्या प्रत्येक कार्यालयाची दरवर्षी तपासणी करणे अंतर्गत लेखापरीक्षकांना शक्य नसते. म्हणून कोणते कार्यालय आधी तपासायचे आणि कोणते मागे ठेवायचे, हे कार्यचालनातील जोखमीवरून, म्हणजे सदोष कार्यपद्धती, माणसांच्या चुका किंवा गैरवर्तन, कोलमडलेली यंत्रणा आणि बाहेरून ओढवणारी संकटे यांमुळे नुकसान होण्याच्या शक्यतेवरून ठरवले जाते. ती मोजताना नुकसानाची संभाव्यता आणि परिणामाची तीव्रता यांचा एकत्र विचार होतो; खर्चाची रक्कम, रोखीचे व्यवहार, प्रलंबित आक्षेप आणि आलेल्या तक्रारी अशा निकषांना गुण देऊन प्राधान्यक्रम लावला जातो.

ही रीत तांत्रिक भासली, तरी परिणाम कोणाच्या बाजूने मोजायचा, हा तिच्या मुळाशी असलेला प्रश्न नीतिशास्त्राचा आहे. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त राजकोशाच्या अपहाराचे 40 प्रकार मोजलेले आहेत, मात्र त्याच प्रकरणात, ज्या अधिकाऱ्यामुळे प्रजेची हानी झाली त्याच्याविरुद्ध पीडितांनी पुढे यावे अशी दवंडी पिटावी आणि हानीच्या प्रमाणात भरपाई द्यावी, असेही सांगितले आहे. कोशाची हानी आणि माणसाची हानी या दोन्हींची दखल तेथे घेतलेली दिसते.

आजच्या गुणांकनात मात्र दुसरी हानी सहज निसटते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतील एका लाभार्थ्याचे थकलेले अनुदान रस्तेबांधणीच्या देयकापुढे नगण्य ठरते, आणि ज्याला अर्जही दुसऱ्याकडून लिहून घ्यावा लागतो त्याची तक्रार नोंदवहीपर्यंत पोहोचत नसल्यामुळे त्याचे मौन कमी जोखीम म्हणून गणले जाते. मोठ्या रकमेतील अपहाराची झळही अखेर सर्वांना, विशेषतः गरिबांना लागते, हा आक्षेप रास्त आहे आणि त्यामुळे रकमेचा निकष टाकून देता येत नाही. परंतु जॉन रॉल्स यांनी 1971 मध्ये मांडलेल्या न्यायविचाराप्रमाणे विषमतेचे समर्थन सर्वांत वंचितांच्या हिताच्या कसोटीवर व्हायचे असेल, तर तपासणीतील विषमतेलाही तीच कसोटी लावली पाहिजे.

म्हणून लाभार्थ्याच्या परावलंबनाला स्वतंत्र गुण द्यावेत, काही कार्यालये गुणांकनाबाहेर चिठ्ठ्या टाकून निवडावीत आणि 2005 च्या रोजगार हमी कायद्याने ग्रामसभेला दिलेल्या सामाजिक अंकेक्षणातील निष्कर्षही जमेस धरावेत. वगळलेल्या कार्यालयांची कारणेही लेखी नोंदवली जावीत, कारण जे तपासले नाही त्याचे उत्तरदायित्वही क्रम ठरवणाऱ्याकडेच राहते.