देणाऱ्याचा सातबारा

जेम्स रूस याच्या सनदेवर तारीख आहे २२ फेब्रुवारी १७९२. जागा पॅरामाटा, तेव्हा जंगल तोडून वसवलेलं शेतकरी गाव, आज सिडनी महानगराच्या पोटात गेलेलं. क्षेत्र तीस एकर. देणारा न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर आर्थर फिलिप, राजे तिसरे जॉर्ज यांच्या वतीने. घेणारा कॉर्नवॉलकडचा एक शेतकरी, घरफोडीबद्दल सात वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झालेला आणि ती भोगून सुटलेला. अटी अशा की जमिनीवर राहायचं, ती कसायची, सुधारायची. जहाजबांधणीला लागणारं लाकूड राजाचं. पहिली दहा वर्षं काही द्यायचं नाही, पुढे वर्षाला एक शिलिंग सारा. त्या वसाहतीत दिलेली ही पहिली जमीन मानली जाते.

आपल्याकडे दोन गुंठे घ्यायचे तरी वकील आधी जुने फेरफार काढायला लावतो. विकणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर कसं लागलं, वारसाने की खरेदीने, कुणाचा बोजा आहे का, हे पाहिल्याशिवाय इसार देऊ नका म्हणतो. रूसच्या सनदेच्या मागे फेरफारच नाही. वसाहतीच्या सगळ्या नोंदी इथून पुढे आहेत. राजाकडे ही जमीन कुठून आली, हा प्रश्न पहिली काही दशकं कुठल्याही कार्यालयात निघाला नाही. तो निघाला तेव्हा कुणी काढला, हे मोठं गमतीचं आहे. पण त्याआधी, जमीन ‘देण्या’ची कल्पना त्या गावात कशासाठी आली ते पाहायला हवं, कारण सुरुवातीला मालकी हा तिचा विषयच नव्हता.

विषय होता भूक. जानेवारी १७८८ मध्ये अकरा जहाजांचा ताफा सिडनीच्या खाडीत आला, तिथली जमीन वाळूची निघाली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात नदीवर वीस-पंचवीस किलोमीटर आत रोझ हिल नावाचं ठाणं वसवून सरकारी शेती सुरू झाली. याच ठाण्याचं नाव पुढे पॅरामाटा झालं. सगळी वसाहत सरकारी कोठारातल्या शिध्यावर जगत होती. डिसेंबर १७८९ मध्ये धान्य घेऊन निघालेलं ‘गार्डियन’ हिमनगावर आदळलं, मार्च १७९० मध्ये ‘सिरियस’ नॉरफोक बेटापाशी फुटलं. शिधा कमी कमी होत गेला. अशा वेळी फिलिपला एकच हिशेब हवा होता: एक माणूस किती दिवसांत कोठारावरून उतरून स्वतःच्या पिकावर जगू शकतो? नोव्हेंबर १७८९ मध्ये त्याने रूसला दीड एकर साफ केलेली जमीन, एक झोपडी, अवजारं, बी-बियाणं, दोन डुकरिणी आणि सहा कोंबड्या दिल्या. या शेताचं नावच पुढे ‘एक्सपेरिमेंट फार्म’ पडलं. प्रयोग जमिनीपेक्षा माणसावर होता.

रूसने काय केलं, हे नौसैनिकांच्या तुकडीतला अधिकारी वॉटकिन टेंच याने त्याच्याकडूनच ऐकून लिहून ठेवलं आहे. वाचताना हा माणूस थेट आपल्या घाटावरच्या एखाद्या खटपट्या शेतकऱ्यासारखा वाटतो. पडलेली झाडं जाळली, राख मातीत मिसळली. मग कुदळीने खणायला घेतलं, पण दिवसाला आठ, फार तर नऊ चौरस रॉडच्या वर नाही, म्हणजे आपल्या मापाने दोन-सव्वादोन गुंठे. सरकारी शेतात नुसती जमीन खरवडतात, तसलं काम आपलं नव्हे, हेही सांगून ठेवलं. ढेकळं फोडली, गवत आणि तण आतच गाडलं, माती उन्हावाऱ्याला उघडी ठेवली आणि पेरणीच्या आधी सगळी पुन्हा पालथी केली. शेणखत नव्हतं, म्हणून काड खड्ड्यात कुजवायचं ठरवलं. नवरा-बायको दोघंच राबणारी. बायको एलिझाबेथ पेरी हीसुद्धा शिक्षा होऊन आलेली. फेब्रुवारी १७९१ मध्ये रूसने कळवलं की आता मला शिधा नको.

जमीन रूसची झाली ती या कष्टांनी, अशी त्या काळातल्या कुणाही युरोपीय माणसाची समजूत असणार. जॉन लॉकने शंभर वर्षं आधीच मांडलं होतं की माणूस आपले श्रम मातीत मिसळतो तेव्हा ती त्याची होते. १७५८ साली वाटेल या स्विस कायदेपंडिताने त्यापुढे जाऊन लिहिलं की जमीन कसणं हे माणसाचं कर्तव्यच आहे. भटकून शिकार करणाऱ्यांनी गरजेपेक्षा जास्त मुलूख अडवला तर इतरांनी तो घ्यायला हरकत नाही. फिलिपला १७८७ साली मिळालेल्या सूचना याच समजुतीतल्या. सुटलेल्या प्रत्येक पुरुष कैद्याला तीस एकर, लग्न झालं असेल तर वर वीस, प्रत्येक मुलामागे दहा. तिथल्या मूळ लोकांशी गोडीने वागावं, असंही त्यात आहे. त्यांची संमती घ्या, असं मात्र नाही. १७६८ साली कॅप्टन कुकला दिलेल्या गुप्त सूचनांत ‘रहिवाशांच्या संमतीने’ हे शब्द होते; कुकने १७७० मध्ये संमतीशिवायच पूर्व किनारा राजाच्या नावे केला. फिलिपच्या कागदापर्यंत येताना तो शब्दच गळाला.

पॅरामाटाचे रहिवासी म्हणजे दारुग लोकांतली बुरामाटागाल शाखा. नदीतले ईल मासे, झाडांवरचे पोसम, मातीतले कंद यांवर जगणारी. १७८९ च्या देवीच्या साथीने सिडनीभोवतीच्या मूळ वस्तीची दैना केली होती. तरी जे उरले त्यांनी विचारलंच. १७९० च्या उत्तरार्धात मौगोरान नावाच्या एका वृद्ध बुरामाटागाल माणसाने फिलिपला सांगितलं की रोझ हिलला इतकी माणसं आणून बसवली म्हणून आमचे लोक रागावले आहेत. फिलिपच्या वृत्तांतात याची प्रामाणिक नोंद आहे. आमचे लोक जिथे जिथे वसतात तिथून मूळ लोकांना निघून जावंच लागतं, हेही त्याने कबूल केलं आहे. आणि दुसऱ्या दिवशी त्याने रोझ हिलच्या ठाण्यावर जादा शिपाई धाडले. हरकत नोंदली गेली, तिच्यावर कार्यवाहीही झाली. सरकारी कामकाज असंच चालतं.

फिलिपला दुष्ट ठरवून मला मोकळं व्हायचं नाही. त्याच्यापुढे हजारभर उपाशी माणसं होती आणि पिकाऊ जमीन दिसत होती. जमीन देणं हे त्याच्या दृष्टीने शिधा वाटण्याचंच लांबचं रूप होतं.

हे रूप फार टिकलं नाही. ऑक्टोबर १७९३ मध्ये रूसने आपली तीस एकर जमीन सर्जन जॉन हॅरिस यांना चाळीस पौंडांना विकली. जी जमीन पोट भरण्यासाठी, राबण्याच्या अटीवर दिली होती, ती सनद होऊन दोन वर्षं व्हायच्या आत बाजारात गेली. मला तर या विचाराच्या प्रवासातलं सगळ्यात मोठं वळण हेच वाटतं. सनद देताना डोळ्यांसमोर कसणारा माणूस होता. सनद हातात आल्यावर ती कुणाच्याही हातात जाऊ शकत होती. फिलिप डिसेंबर १७९२ मध्ये इंग्लंडला परतला आणि मेजर ग्रोसच्या हाती कारभार आला. त्याने लष्करी अधिकाऱ्यांना शंभर-शंभर एकर द्यायला सुरुवात केली, शिवाय राबायला सरकारी खर्चाने पोसलेले कैदी. जॉन मॅकार्थरला फेब्रुवारी १७९३ मध्ये पॅरामाटालाच शंभर एकर मिळाले. त्याने त्यांना बायकोचं नाव दिलं. एलिझाबेथ फार्मचं घर आजही उभं आहे. कोठाराचा भार हलका करायला निघालेली कल्पना तीनचार वर्षांत भांडवल उभं करायची कल्पना झाली.

रूस जानेवारी १७९४ मध्ये पहिल्या तुकडीबरोबर हॉक्सबरी नदीकाठी गेला. तिथली गाळाची जमीन वसाहतीत सर्वोत्तम, आणि दारुग लोकांचे कंदही त्याच काठच्या गाळात. मका आणि कंद एका जागी येईनात. पुढची वीसएक वर्षं या काठांवर जे घडत राहिलं त्याला चकमकी म्हणायचं की युद्ध, यावर ऑस्ट्रेलियात अजून वाद चालतो. मूळ लोकांचा म्होरक्या पेमुलवुय मार्च १७९७ मध्ये आपल्या माणसांसह चाल करून थेट पॅरामाटा गावात शिरला होता, एवढं सांगितलं तरी शेतांच्या कडेला काय चाललं होतं ते कळेल.

मग एक चमत्कारिक सनद निघाली. गव्हर्नर लॅकलन मॅक्वारी याला जमिनीच्या सनदा नव्या नसाव्यात. फिलिपचा ताफा सिडनीला लागला त्याच १७८८ साली तो आपल्या पलटणीबरोबर मुंबईत उतरला होता आणि पुढची बरीच वर्षं हिंदुस्थानात होता. १८१६ मध्ये त्याने मूळ लोकांवर लष्करी मोहीम काढली. एप्रिलमध्ये ॲपिनजवळ रात्री एका वस्तीवर हल्ला झाला, बायका-मुलंही मेली. त्याच वर्षी, मोहिमेत वाटाडेपणा केल्याबद्दल कोलबी आणि नुरागिंजी या दोन दारुग पुरुषांना मॅक्वारीने जमीन बक्षीस दिली. किती? तीस एकर. सुटलेल्या कैद्याला जेवढी, तेवढीच. ज्यांच्या मुलखात बसून हा कारभार चालला होता त्यांनाच त्यातला तुकडा दानात मिळाला. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारे आपल्याकडे कमी नाहीत, पण त्याच घरातलं बोटभर हलवायाला देऊन वर पावती घेणारा विरळा. कोलबीच्या बहिणीने, मारिया लॉकने, १८३१ साली भावाची ती जमीन आपल्याला मिळावी म्हणून गव्हर्नरकडे अर्ज केला. जमीन तिच्या नावावर व्हायला १८४३ उजाडलं. अर्ज करताना तिला सनदेचीच भाषा वापरावी लागली. कारण त्या दफ्तराला दुसरी कळत नव्हती.

१८३१ सालीच फुकट जमीन देणं बंद झालं. एडवर्ड गिबन वेकफिल्ड याने न्यूगेटच्या तुरुंगात बसून सिद्धान्त मांडला होता की जमीन स्वस्त असेल तर प्रत्येक मजूर मालक होतो आणि मजुरी करायला कुणी उरत नाही. तेव्हा जमिनीला चांगली किंमत लावा. लंडनला हे पटलं, आणि एकरी किमान पाच शिलिंगांपासून लिलाव सुरू झाले. १८३५ साली जॉन बॅटमनने पोर्ट फिलिप खाडीकाठच्या मूळ लोकांशी करार करून त्यांच्याकडून जमीन विकत घेतल्याचा दावा केला, तेव्हा गव्हर्नर बर्कने जाहीरनामाच काढला: राजाच्या परवानगीशिवाय अशा कुठल्याही कराराला अर्थ नाही. बॅटमन काही धर्मात्मा नव्हता. पण मूळ लोकांकडे विकण्यासारखं काही आहे, एवढं तरी त्याच्या करारात गृहीत होतं.

आता तो सुरुवातीचा प्रश्न, राजाकडे ही जमीन आली कुठून. १८४७ साली तो सिडनीच्या न्यायालयात पोचला, आणि विचारणारा होता ब्राउन नावाचा कोळशाचा धंदेवाला. त्याच्या जमिनीच्या मूळ सनदेत कोळसा राजासाठी राखून ठेवला होता, त्याने तो काढला होता आणि सरकारने दावा लावला होता. बचाव असा की मुळात ही जमीन राजाची होती कुठे, की त्याने तिच्यातलं काही देऊन बाकीचं राखून ठेवावं? विचारणाऱ्याला मूळ लोकांशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला कोळसा हवा होता. न्यायालयाने उत्तर दिलं की पडीक जमिनी वसाहतीच्या पहिल्या दिवसापासून राजाच्याच आहेत आणि त्या देण्याचा अधिकारही त्याचाच.

याला पाच वर्षं होतात न होतात तोच, १८५२ मध्ये, त्याच राज्यकर्त्यांच्या मुंबई इलाख्यात इनामांच्या चौकशीचा कायदा झाला. इनाम कमिशनने दख्खन आणि दक्षिण महाराष्ट्रातल्या इनामदारांना सनदा घेऊन बोलावलं. सनद खरी आहे का, एवढंच विचारून ते थांबलं नाही; सनद देणाऱ्याला ती द्यायचा अधिकार होता का, हेही तपासलं. पिढ्यान्‌पिढ्यांची इनामं त्या प्रश्नावर खालसा झाली. लोकहितवादी काही काळ याच कमिशनात अधिकारी होते. इनामदारांबद्दल मला फारसं प्रेम नाही. त्यांच्या इनामाखाली राबणाऱ्या कुळाला सनदेचा काय उपयोग होता? पण देणाऱ्याचा अधिकार तपासायचा असतो, हे राज्यकर्त्यांना उत्तम माहीत होतं, असा याचा सरळ अर्थ होतो. पुण्यात पेशव्यांच्या दप्तराला जो प्रश्न ते विचारत होते, तोच सिडनीत त्यांच्या दप्तराला विचारला, तर उत्तर होतं की आमचंच आहे.

पुढे १८८९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने या उत्तराला कारण जोडलं. खटला पुन्हा एका जुन्या सनदेचाच, १८२३ च्या. तिच्यात सार्वजनिक कामासाठी दहा एकरांपर्यंत जमीन राखून ठेवल्याबद्दलचा. निकालात ओघात म्हटलं गेलं की वसाहत झाली तेव्हा हा मुलूख जवळजवळ निर्मनुष्य होता, तिथे स्थिर रहिवासी नव्हते की कायदा नव्हता. मौगोरानची नोंद करून ठेवणाऱ्या फिलिपने हे वाचलं असतं तर तोसुद्धा चमकला असता. सनदा आधी दिल्या गेल्या, जमीन रिकामी होती हे सिद्ध झालं नंतर. मुळात त्या सनदांचे वाद मिटवायचे होते, म्हणून ते सिद्ध करावं लागलं.

३ जून १९९२ ला ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने माबो खटल्यात ही समजूत मोडीत काढली. राजाला सत्ता मिळाली म्हणजे जमिनीची संपूर्ण मालकी आपोआप मिळाली असं नाही. मूळ लोकांचे हक्क त्यातून टिकून राहू शकतात. मात्र त्याच निकालाप्रमाणे, जिथे राजाने जमीन कुणाला कायमची मालकीने देऊन टाकली तिथे ते हक्क संपले. म्हणजे देणाऱ्याचं तेव्हाचं गृहीत चुकीचं ठरलं आणि त्याने दिलेलं कायम राहिलं. जितकी जुनी वस्ती, जितक्या जास्त सनदा, तितका मूळ लोकांचा दावा लंगडा; पॅरामाटा या हिशेबात सर्वांत तळाशी.

तिथल्या दारुग आणि इतर मूळ कुटुंबांना वाट उरते ती न्यू साउथ वेल्स राज्याच्या १९८३ च्या कायद्याची. सरकारी मालकीची, पण वापरात नसलेली आणि अत्यावश्यक सार्वजनिक कामालाही न लागणारी जमीन मूळ लोकांच्या स्थानिक परिषदेला अर्ज करून मागता येते. या वाटेने डीरुबिन या तिथल्या स्थानिक परिषदेच्या नावावर आलेली पॅरामाटामधली एक ठळक मालमत्ता म्हणजे तिथला बंद पडलेला जुना तुरुंग. अर्ज राज्य सरकारकडे करायचा असतो, मंजुरी मंत्री देतात, आणि जमीन मिळते ती सरकारने हस्तांतरित केली म्हणून.