नावाचे चिलखत

आमच्या सीमाभागात जुनी माणसे वय सांगताना जन्मसाल सांगत नसत. ‘पोलीस अ‍ॅक्शनच्या आधी दोन वर्षे’ किंवा ‘पोलीस अ‍ॅक्शन झाली तेव्हा मी पाळण्यात’, असा त्यांचा हिशेब. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू या चारही भाषांत हा शब्द जसाच्या तसा रुजला. पण १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरहून नळदुर्गमार्गे हैदराबादकडे जे निघाले, ते पोलीस नव्हते. ती मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांची आर्मर्ड डिव्हिजन होती. रस्त्यावर रणगाडे आणि चिलखती मोटारी, वर विमाने. १७ तारखेच्या संध्याकाळी युद्ध थांबले आणि १८ ला निजामाचे सेनापती अल इद्रूस शरण आले. लष्करी दप्तरात या मोहिमेचे नाव ‘ऑपरेशन पोलो’ असे आहे.

मग लोकांसाठी ‘पोलीस’ कशाला? हैदराबादची तक्रार सुरक्षा परिषदेपुढे गेली होती. युद्ध म्हटले की दोन देश आले; पोलिसी कारवाई म्हटले की तो घरचा प्रश्न ठरतो. यातून एक नैतिक प्रश्न उभा राहतो. कृत्याला सौम्य नाव दिले, तर करणाऱ्याची जबाबदारी कमी होते की वाढते?

चिलखती गाडीला पोलिसाचे नाव मिळण्याची ही पहिली वेळ नव्हती. जर्मनीत एऱ्हार्ट कंपनीने १९०६ मध्ये चिलखती मोटारीवर तोफ बसवली, ती शत्रूचे बलून पाडण्यासाठी. पहिल्या महायुद्धात अशा गाड्या आघाडीवर गेल्या. १९१९ मध्ये त्याच गाड्या बर्लिनच्या रस्त्यांवर स्वतःच्याच नागरिकांसमोर उभ्या राहिल्या. व्हर्सायच्या तहाने जर्मन सैन्याला रणगाडे बाळगण्याची बंदी केली. पोलिसांना मात्र पुढे दीडशे चिलखती गाड्यांची मुभा मिळाली. डाइमलर, बेन्झ आणि एऱ्हार्ट यांनी त्या बांधल्या. प्रत्येक गाडीवर मशिनगनचे दोन बुरूज, आणि नाव मात्र ‘पोलिसांची खास गाडी’! पुढे रणगाड्यांची गुपचूप जुळवाजुळव सुरू झाली, तेव्हा कागदोपत्री त्यांना ‘शेतीचा ट्रॅक्टर’ म्हटले गेले. १९३९ मध्ये हेच ट्रॅक्टर पोलंडमध्ये शिरले.

तिथे नाव हा निव्वळ बुरखा होता. हैदराबादला त्याच मापाने मोजणे मात्र अन्यायाचे होईल. रझाकारांनी गावेच्या गावे भयभीत करून सोडली होती. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांनी या जुलमाविरुद्ध लेखणी उचलली, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबाद शहरात त्यांचा खून झाला. अशा वेळी सैन्य आले हे योग्यच झाले, असे मी मानतो.

पण म्हणूनच त्या नावाचे ओझे अधिक आहे. सैनिकाचे चिलखत आत बसलेल्याला वाचवते. पोलिसाचे काम बाहेर उभ्या असलेल्याला वाचवण्याचे असते. आपण ‘पोलीस’ हा शब्द उच्चारला, तेव्हा त्या संस्थानातील प्रत्येक उंबरठ्याला एक वचन दिले. ते किती पाळले गेले? नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने १९४८ च्या अखेरीस हा मुलूख पाहिला. कारवाईच्या काळात आणि त्यानंतर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा तिचा सावध अंदाज होता. त्यांत बहुसंख्य मुसलमान होते. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना बसली. म्हणजे आपल्याच जिल्ह्यांना. हा अहवाल कित्येक दशके कपाटात राहिला.

कोणी म्हणेल, सुरुवात रझाकारांनी केली, आता जुन्या खपल्या कशाला काढायच्या? पण रझाकाराचा गुन्हा त्याच्या शेजाऱ्याच्या माथी मारायचा नाही, हाच तर पोलीस आणि सूड घेणारा जमाव यांतला फरक आहे. तो पुसला, तर आपल्या मुक्तीचेही मोल कमी होते.

आज १७ सप्टेंबरला मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन असतो, पलीकडे कर्नाटकात कल्याण कर्नाटक उत्सव. तेलंगणात २०२२ मध्ये राष्ट्रीय एकात्मता दिन झाला, तर २०२४ मध्ये त्याचाच प्रजापालन दिन झाला. नावे बदलतील, त्यांचे मला फारसे वावडे नाही. मुख्याध्यापक म्हणून त्या सकाळी झेंड्याखाली मला चार शब्द बोलावे लागतात. समोरच्या रांगेत देशमुख, पाटील, शेख, पठाण खांद्याला खांदा लावून उभे असतात. त्या सर्वांना ऐकवता येईल असेच सत्य मला सांगायचे असते, पण ते अर्धे नको.

त्या अहवालातच अशीही नोंद आहे की काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर भावांना वाचवले आणि ते करताना काहींनी स्वतःचा जीव गमावला. त्यांच्या अंगावर चिलखत नव्हते आणि त्यांच्या कृत्याला कोणी नावही दिले नव्हते. पोलिसाचे काम त्या दिवशी त्यांनी केले. मुलांना मी रणगाड्यांच्या आधी त्या विणकरांबद्दल सांगतो.