मोजण्याआधीचा ‘एक’

मोजता येणाऱ्या वस्तूंना ‘मेनी’ आणि ‘फ्यू’, न येणाऱ्यांना ‘मच’ आणि ‘लिटल’, हा इंग्रजी व्याकरणाचा नियम शाळेतच पाठ होतो. मोजता येणं हा वस्तूचाच धर्म आहे आणि भाषा तो फक्त नोंदवते, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. ते टिकत नाही. दुकानाच्या फळीवरचे जोड ‘शूज’ म्हटले की ‘मेनी’ घेतात, ‘फुटवेअर’ म्हटले की ‘मच’. फळीवरचं काहीही हललेलं नसतं. ‘ओट्स’ अनेकवचनी, ‘व्हीट’ अगणनीय. चिमटीत मात्र दोन्हींचा दाणा सारखाच धरता येतो. नोटा तर आपण बोट ओलं करून मोजतो, तरी ‘मनी’ला ‘मच’च लागतं. मोजण्याआधी ‘एक’ कशाला म्हणायचं हे ठरावं लागतं, आणि त्यात जाणणाऱ्याचा वाटा असतो.

भारतीय तत्त्वज्ञानातल्या वैशेषिक दर्शनाच्या आचार्यांनी हे फार बारकाईनं पाहिलं होतं. संख्या आणि परिमाण हे त्यांनी दोन वेगळे गुण मानले. एकत्व वस्तूत असतं; पण द्वित्वापासून पुढची संख्या ‘हा एक, हा एक’ अशा अपेक्षाबुद्धीतून उपजते, आणि ती बुद्धी सरली की द्वित्वही सरतं. मला त्यांच्या पुढे जावंसं वाटतं. एकत्वही सगळं वस्तूवर सोडता येत नाही. चपलांच्या ढिगात ‘एक’ म्हणजे जोड की सुटी चप्पल, हे ढीग सांगत नाही.

मग सगळंच भाषेच्या मर्जीवर का? तत्त्वज्ञ क्वाइन यांनी 1960च्या ‘वर्ड अँड ऑब्जेक्ट’मध्ये वस्तू सुट्या करण्याची रीत मूल गणनीय-अगणनीय भेदाच्या व्याकरणातूनच शिकतं असं मांडलं. पण 1991मध्ये मानसशास्त्रज्ञ सोजा, कॅरी आणि स्पेल्की यांच्या प्रयोगात, हा भेद बोलण्यात न उतरलेली दोन वर्षांची मुलंही घट्ट वस्तूचं नवं नाव आकारावरून आणि लगद्याचं नाव द्रव्यावरून पुढे लावत होती. हा आक्षेप खरा आहे आणि मला तो मान्य आहे: पाण्याला स्वतःची कड नाही, खुर्चीला आहे. व्याकरणाचं राज्य मधल्या पट्ट्यात चालतं. इमाई आणि गेंटनर यांनी 1997मध्ये इंग्रजी आणि जपानी बोलणाऱ्या मुलांची तुलना केली. जपानीच्या व्याकरणात गणनीय-अगणनीय हा भेद नाही. गुंतागुंतीच्या वस्तूंबाबत दोघांचा कौल आकारालाच होता. साध्या आकाराच्या घट्ट तुकड्यांपाशी मात्र इंग्रजी मुलं आकाराकडे जास्त झुकली, जपानी मुलं तितकी नाहीत.