स्वातंत्र्यदिनी यजमान कोण?

१५ ऑगस्टच्या प्रातःकाळी भिलाई येथे ध्वज उभारला जातो, मुले उत्साहाने शाळेत जमतात, घरोघरी गोडधोड होते. परंतु त्याच वेळी पोलाद कारखान्यातील झोतभट्टीपुढे पहिल्या पाळीचे कामगार उभे असतात. भट्टीला सुटी नाही. खालून तप्त हवेचा झोत चालू राहिला पाहिजे, वरून खनिज, कोक व चुनखडी पडत राहिली पाहिजे. हा क्रम फार काळ खंडित झाला तर आतील रस थिजून भट्टीच निकामी होते. मग राष्ट्राच्या मुक्ततेच्या दिवशी आगीपुढे जखडलेल्या या मनुष्यास स्वतंत्र म्हणावे काय?

स्वातंत्र्य म्हणजे बंधनांचा अभाव, असे मानणाऱ्यास याचे उत्तर सापडणार नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी हा भ्रम दूर केला आहे. कर्मावाचून कोणासच राहता येत नाही. ते कोणाच्या संकल्पाने व कोणासाठी व्हावे, एवढाच प्रश्न उरतो. पारतंत्र्यातही मजूर राबतच होता, पण त्या श्रमाचे प्रयोजन दुसरा ठरवीत असे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या भट्टीचे उद्घाटन झाले. साहाय्य परक्याचे होते, संकल्प आपला होता.

येथवरचा विचार सुखाचा आहे. परंतु हा कारखाना ओसाड भूमीवर उभा राहिला नाही. दुर्ग जिल्ह्यातील कित्येक खेड्यांची धानाची शेते त्यात गेली. मोबदला मिळाला, काहींना कामही मिळाले. तथापि त्या शेतकऱ्यांनी भूमी अर्पण केली, की ती त्यांच्याकडून घेतली गेली? राष्ट्रकार्याला यज्ञ म्हणण्याची आपली रीत आहे. पण यज्ञात आहुती देणारा यजमान स्वेच्छेने देतो. याच छत्तीसगढात सोनाखानचे जमीनदार वीर नारायणसिंह यांनी १८५६ च्या दुष्काळात व्यापाऱ्याचे कोठार उघडून भुकेल्यांना धान्य वाटले, आणि १० डिसेंबर १८५७ रोजी रायपूर येथे इंग्रजांनी त्यांना फाशी दिले. त्यांनी जे दिले ते जाणून दिले. शेत गेलेल्यास कोणी विचारले होते?

मिळालेले परत न देता भोगणाऱ्यास तिसऱ्याच अध्यायात चोर म्हटले आहे. शब्द कठोर आहे. सणाच्या दिवशी तो कोणास रुचत नाही. परंतु भिलाईचे रूळ देशभर पसरले आहेत, आणि नागपूरहून पुण्यास लेकीकडे जाणारा गृहस्थ बहुधा त्यांवरूनच जातो. गेलेले शेत तो परत देऊ शकत नाही. मात्र शेत गेलेल्याच्या नातवास आज काय मिळते, हे विचारणे त्याच्या हाती आहे. कायम कामगाराच्या शेजारी कंत्राटी मजूर तीच आग सोसतो आणि पुष्कळ कमी वेतन घेऊन घरी जातो, १५ ऑगस्टलाही.