स्पितीच्या वाटेवर, थांबत थांबत

हे मनन सावकाश वाचायचे आहे. मधेच डोळे मिटावेसे वाटले तर अंक मांडीवर पालथा ठेवा आणि खुशाल मिटा. आपल्याला जायचे आहे हिमाचल प्रदेशाच्या पूर्व टोकाला, किन्नौरच्या वरच्या अंगाने स्पितीच्या खोऱ्यात, जिथे भारताची हद्द तिबेटला भिडते.

पाठ टेकून बसा. एक श्वास पूर्ण आत घ्या आणि तितक्याच निवांतपणे सोडा. समुद्राजवळच्या शहरात बसून घेतलेल्या या श्वासाची आपल्याला दखलही नसते. तिकडे ती घ्यावीच लागते. आपल्या वाटेवरच्या शेवटच्या तळ्याच्या, चंद्रतालाच्या काठी, सुमारे 4,250 मीटर उंचीवर, हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या मानाने जेमतेम 60 टक्के उरतो. दहा-बारा पावले चढली की धाप लागते, आणि मग किती वेगाने चालायचे ते शरीरच ठरवते. म्हणून या प्रदेशात शिरण्याची शहाणी वाट शिमल्याकडून, सतलजच्या काठाकाठाने जाते. त्या वाटेने उंची हळूहळू वाढते. मनालीहून एकाच दिवसात वर चढणारे कित्येक जण पहिली रात्र डोके धरून काढतात.

आता आपण खाबला आलो आहोत. दोन्हीकडे उघडेबोडके कडे, झाडाचे नाव नाही. खाली दोन नद्या भेटताहेत. एक स्पिती, दुसरी सतलज. सतलज तिबेटातल्या राक्षसतालाच्या परिसरातून निघते आणि शिपकी ला खिंडीजवळ भारतात येते. याच खिंडीतून पिढ्यानपिढ्या लोकर आणि मीठ लादलेली जनावरे ये-जा करत. 1962 च्या युद्धानंतर ती वाट बंद पडली. पुढे 1990 च्या दशकात थोडाफार व्यापार पुन्हा सुरू झाला. पुलाजवळ उभे राहून पाण्याचा आवाज ऐका. बोलू नका. सोबत्याला काही दाखवायचे असेल तर तेही नंतर.

वळणावळणांनी वर चढत गेलो की नाको लागते. साडेतीन हजार मीटरच्याही वर वसलेले हे गाव, जव-मटाराची शेते, अकराव्या शतकातला गोंपा म्हणजे मठ, आणि विलो-पॉप्लरच्या झाडांनी वेढलेले एक लहानसे तळे. मागे रियो पुरग्याल उभा आहे. 6,816 मीटरचे हे हिमाचलातले सर्वांत उंच शिखर. सकाळी वारा सुटण्याआधी तळ्याला एक फेरी घालू या. इथले लोक चोर्तेन (स्तूप) आणि मणीच्या (मंत्र कोरलेल्या दगडांच्या) भिंती उजव्या हाताला ठेवून चालतात, आपणही तळे उजवीकडे ठेवू. एका पावलाला श्वास आत, पुढच्या दोन पावलांत बाहेर. मनात विचार आला तर येऊ द्या, त्याच्यामागे जाऊ नका. हे पाणी वरच्या बर्फाचे आहे. उतारावरून धावत आले आणि इथल्या खोलगटात थांबले. ते थांबले म्हणून काठाला झाडे आली, झाडांच्या आडोशाला गाव आले. स्पितीसारख्या पर्जन्यछायेच्या मुलखात थांबलेल्या पाण्याची किंमत फार मोठी आहे.

पण पाणी थांबण्याची दुसरी बाजूही इथेच, पुढच्या वाटेवर भेटते, आणि ती टाळून पुढे जाणे मला अप्रामाणिक वाटते. सुमदोजवळ पारेछू नावाची नदी स्पितीला मिळते. ती उगम पावते भारताच्या बाजूला, मग तिबेटात जाते आणि वळसा घालून पुन्हा भारतात येते. 2004 मध्ये तिबेटच्या हद्दीत दरड कोसळून ही नदी अडली आणि तिच्यामागे तळे साठू लागले. खाली किन्नौरच्या गावांतल्या माणसांनी ते तळे डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. पाहायला जाणेही त्यांच्या हाती नव्हते, कारण मधे हद्द होती. वर्षभराच्या आत, 2005 च्या जूनमध्ये, तो बांध फुटला. काठच्या लोकांना आधी सावध केले होते, तरी स्पिती आणि सतलज फुगल्या आणि पूल व रस्ते वाहून गेले.

इथे जरा रेंगाळू या. कल्पना करा, तुम्ही नदीकाठच्या एखाद्या गावात राहता. रोज पहाटे उठून आधी पाण्याकडे पाहता. काल होते तेवढेच आहे का? गढूळ झाले आहे का? वर, पलीकडे, तुम्हाला न दिसणारे तळे भरत चालले आहे. आकाश निळे आहे, सफरचंदांच्या फांद्या वाकल्या आहेत, मुले शाळेला निघाली आहेत. असा एक दिवस मनाशी धरून बसा. सीमेवरचे जगणे म्हणजे काय, हे नकाशा पाहून कळत नाही. आपल्या हिताहिताची गोष्ट आपल्याला जाता येणार नाही अशा जागी घडत असते, हे त्यातले खरे दुखणे. पर्यटकाला इथली शांतता चटकन दिसते. ती खरीच आहे. पण ती शांतता राखण्यासाठी इथल्या माणसांना रोज पाण्याकडे आणि डोंगराकडे लक्ष ठेवावे लागते.

पुढे ताबो. हा मठ 996 मध्ये पश्चिम तिबेटातल्या गुगे राज्याचा राजा येशे-ओ याने स्थापन केला. बाहेरून पाहिले तर मातीच्या ठेंगण्या, जाड भिंती, सपाट धाबी; डोळ्यात भरावे असे काहीच नाही. आत सभागृहात पाऊल टाकले की आधी फक्त अंधार. दिवा शोधू नका. उभे राहा. थोड्या वेळाने भिंतीवर एक खांदा दिसेल, मग एक हात, मग अर्धवट मिटलेले डोळे. भिंतींना धरून, माणसाच्या उंचीच्या वर, मातीच्या मूर्ती ओळीने बसल्या आहेत, आणि त्यांच्या वर-खाली चित्रे आहेत. हजार वर्षांपूर्वीची माती आणि हजार वर्षांपूर्वीचे रंग. छायाचित्र काढायला आत मनाई आहे, आणि हा नियम मला फार मोलाचा वाटतो. नजरेला दुसरे काम उरत नाही.

ताबोला हिमालयातले अजिंठा म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. अजिंठ्याची वस्ती उठली, लेणी रानाने झाकून टाकली आणि 1819 मध्ये ती पुन्हा जगाच्या नजरेस आली. ताबोत आजही भिक्षू राहतात आणि प्रार्थना करतात. लेण्यांशी नाते जोडायचेच असेल तर ते मठाच्या वर, रस्त्यापलीकडच्या कड्यात कोरलेल्या गुहांशी जोडावे. जुन्नर, कार्ले, अजिंठा इथले भिक्खू पावसाळ्यात फिरणे थांबवून एका जागी राहत, तो वर्षावास. इथे थांबवणारा ऋतू हिवाळा. बर्फाने वाटा बुजल्या की भिक्षू या गुहांत ध्यानाला बसत.

त्यातल्या एका गुहेत शिरू या. वाकून या, छत ठेंगणे आहे. आतल्या भिंतीला पाठ लावून तोंड दाराकडे करून बसा. दाराएवढे आकाश दिसते, खाली गावाची हिरवी शेते, त्यापलीकडे नदी. हवा थंड आहे आणि तिला कोरड्या मातीचा वास आहे. हात भिंतीवर टेकवा. कुणीतरी हा डोंगर हाताने खोदला, आपल्यापुरती जागा केली आणि थांबला. आता काही करू नका. दहा श्वास मोजा. मोजणी चुकली तर पुन्हा एकपासून. मन म्हणेल, अजून काझा आहे, धनकर आहे, ‘की’ नावाचा मठ आहे, संध्याकाळपर्यंत पोहोचायचे आहे. ते म्हणू द्या. इथे बसणाऱ्याला पुढचे गाव गाठायचे नव्हते. त्याच्यापुढे अख्खा हिवाळा होता. त्या हिवाळ्यातली एक दुपार आपण उसनी घेतली आहे.

गुहेतून उठून आता पुढे निघू या. वाटेतल्या लांग्झा गावाच्या आसपास मातीत दगडी शंखचक्रे सापडतात, ते अमोनाइट नावाच्या समुद्री जीवांचे अवशेष. सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वी इथे टेथिस समुद्र होता. देवघरातला गंडकीचा शाळिग्राम हाही त्याच समुद्राचा ठेवा. असा दगड तळहातावर घ्या, त्याच्या वळ्यांवरून बोट फिरवा, आणि होता तिथे परत ठेवा. कुणी विकायला आणला तरी घेऊ नका.

शेवटी कुंझुम ला खिंड ओलांडून चंद्रताल. इथवर आलेल्याला तळ्याचे वर्णन ऐकवण्यात अर्थ नाही. निळे पाणी आहे, आणि ते तासागणिक वेगळे दिसते. काठाशी बसलात तर चक्रवाकाकडे लक्ष असू द्या. उन्हाळ्यात तो इथे असतो. नारिंगी अंगाचा हाच पक्षी हिवाळ्यात उजनी आणि जायकवाडीच्या पाण्यावर दिसतो. 2005 पासून चंद्रताल रामसर यादीतली पाणथळ जागा आहे. काठावर तंबू ठोकायला बंदी आहे, निवासाचे तळ काही किलोमीटर अलीकडेच ठेवले आहेत. 2023 च्या जुलैमध्ये अवेळी बर्फ पडून अडीचशेहून अधिक प्रवासी त्या तळांवर अडकले. खिंडीतला बर्फ उपसून त्यांना बाहेर काढणाऱ्यांत लोसर गावचे लोकही होते. डोंगराने सक्तीने थांबवले तर काय होते ते त्या प्रवाशांना कळले. आपण आपण होऊन थांबायला शिकलेले बरे.

आता सावकाश डोळे उघडा. आणि खरोखर जाल तेव्हा शिमल्याकडून जा, चढताना प्रत्येक मुक्कामाला एक रात्र जास्त धरा, पाण्याची बाटली घरून न्या आणि आपला कचरा आपल्यासोबत परत आणा. सुट्टी कमी असेल तर चंद्रताल वगळा, पण ताबोत दोन रात्री राहा.